हत्तीचा पेडिक्युअर, कमलापूर स्टाइल!

जानेवारीत एचआरकडे दहा दिवसांची मेडिकल लीव्ह मागून बघा. काय उत्तर येईल ते मी सांगायला नको! गडचिरोलीतल्या कमलापूरच्या हत्तींना मात्र ही सुट्टी दर हिवाळ्यात मिळते. कारण एकच, पाय.

कमलापूर म्हणजे अहेरी तालुक्यातला वनखात्याचा हत्ती कॅम्प. इथले हत्ती पूर्वी जंगलातलं लाकूड ओढायचे. 2022 मध्ये त्यांना जामनगरला हलवायचं घाटत होतं, तेव्हा गावकऱ्यांनी जोरदार विरोध केला. इतका जीव आहे गावाचा.

थंडीत हत्तीच्या तळव्याला भेगा पडतात. तुमच्या-माझ्या टाचांसारख्याच, पण आपण क्रीम लावून झोपतो. हत्ती दिवसाचा बहुतेक वेळ उभाच असतो, दोन-चार टनांचं वजन त्याच भेगांवर तोलून. आत शेण, चिखल, खडे शिरले की जखम चिघळते. माणसाळलेल्या हत्तींच्या मृत्यूमागे पायाचे आजार हे जगभरातलं एक मोठं कारण आहे.

यावर इथला इलाज म्हणजे ‘चोपिंग’. सुंठ, जायफळ, हिरडा, बेहडा, माजूफळ, भिलावा, मेण... अशा कितीतरी जिनसा एकत्र शिजवून तो गरम लेप पायांना चोपतात. मला आधी वाटलं, आजीबाईचा बटवा! पण हिरडा आणि माजूफळात भरपूर टॅनिन असतं. कातडं कमावतात ते यानंच. ओली, नरम झालेली त्वचा ते आकसून घट्ट करतं.

तरी माझं स्पष्ट मत सांगतो. अर्धा इलाज त्या कढईत आहे, उरलेला अर्धा पायाखालच्या जमिनीत. कमलापूरचे हत्ती काम संपलं की जंगलात चरायला सुटतात, मऊ मातीवर मैलोन् मैल चालतात. सिमेंटच्या ओल्या फरशीवर साखळीने बांधलेल्या हत्तीला वर्षातून एकदा लेप लावून काय होणार?

घोड्यांचंही तेच. खुराच्या तळाशी एक त्रिकोणी, मऊ भाग असतो, पुतळी. तिच्या खाचांत शेण-चिखल दाबून बसला, हवा कोंडली, की तिथे जंतू माजतात. काळा चिकट स्राव येतो आणि वास असा की नाक धरावं. इंग्रजीत याला थ्रश म्हणतात. पायोडिन लावलं की चार दिवस बरं वाटतं, तबेला ओलाच राहिला की पुन्हा सुरू! रोज खूर उकरून साफ करणं, कोरडी जागा, वेळच्या वेळी नालबंदाकडून खूर तासून घेणं आणि रोजची चाल, एवढं सांभाळलं तरच औषध लागू पडतं. खाच खोल गेली असेल, घोडा लंगडत असेल, तर थेट व्हेट.

पावसाळ्यात माथेरानला गेलात तर घोड्यावर बसण्याआधी मालकाला विचारा, “दादा, जरा खूर दाखवता?” चांगला मालक हौसेने उचलून दाखवतो.

आणि कमलापूरचा प्लॅन असेल तर बल्लारशापर्यंत ट्रेन, पुढे आलापल्लीमार्गे गाडी. फक्त निघण्याआधी वनखात्याला फोन करा. हत्ती रजेवर असले की कॅम्प पर्यटकांना बंद असतो.