समुद्रावरची जहाजे आणि मोंढ्यातले सोयाबीन

लातूरच्या मोंढ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी येथील सोयाबीनची तेजी-मंदी बरीचशी समुद्रावरच ठरते, ही हकीकत आमच्या अडत्या बंधूंना नवी नाही. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, तर सूर्यफुलाचे काळ्या समुद्राकडून. कांडला-मुंद्र्याला माल उतरला की नांदेडच्या तेलगिरणीतले सौदेही हलतात.

नवी गोष्ट ही की, जहाजे वाटेत असतानाच मोजणारे आता पुष्कळ झाले आहेत. परदेशी वाहतूक करणाऱ्या तीनशे टनांवरील जहाजाने आपले नाव, जागा व वेग रेडिओवरून सतत कळवावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. हे संदेश उपग्रह टिपतात. कप्तानाने यंत्र बंद केले तर? मग रडारचे उपग्रह कामी येतात. रात्र असो की ढग, काळ्या पाण्यावर लोखंडी जहाज पांढऱ्या ठिपक्यासारखे उठून दिसते. ठिपका आहे आणि संदेश नाही, म्हणजे पाणी कोठेतरी मुरते! फिनलंडच्या आइसआय कंपनीचा असा पहिला छोटा उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच श्रीहरिकोट्याहून उडाला. अशी चित्रे आता पैसे मोजून कोणालाही मिळतात.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेतून आले. त्यानंतर सरकारने सागरी टेहळणी वाढवली व २०१४ मध्ये गुरुग्रामला नौदलाचे माहिती केंद्र उघडले. पण आम्हाला येथे बोलायचे आहे ते व्यापाराचे.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हौथींचे हल्ले सुरू झाले. अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. भाडे वाढले, माल लांबला. हे वळण ज्याला पडद्यावर दिसले, त्याने सौदा आधी केला. मोंढ्यात ते भाव हलल्यावर कळले. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये असताना त्याखाली सौदे झाले. आयात किती येते आहे, हे शेतकऱ्याला कोण सांगणार?

अर्थात वरून सारेच दिसत नाही. टाकीत पामतेल आहे की सोयातेल, हे चित्र सांगत नाही. त्याला बंदराचे कागद लागतात. मुंबईच्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशनचे मासिक आकडे उपयोगी, पण ते माल उतरल्यावर येतात. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहाची रडार-चित्रे मात्र फुकट आहेत. नांदेड-लातूरच्या व्यापारी मंडळांनी वर्गणी काढून एखादा जाणकार पोरगा नेमावा, अशी आमची सूचना आहे. बाजार समितीच्या फलकावर भावाशेजारी वाटेतली जहाजेही लिहिता येतील.