बाळाची लस आणि ऑटिझम : पालकांचे प्रश्न, सरळ उत्तरे

मागच्या पालकसभेनंतर सगळे निघून गेले, एक आई मात्र दाराशी थांबली. तिचा मोठा मुलगा आमच्याकडे दुसरीत आहे, त्याला ऑटिझम आहे. कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या होत्या, तरी मुलीला नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस दिलेली नव्हती. आई हळूच म्हणाली, "बाजी, बड़े को सुई लगने के बाद ही तो उसने बोलना बंद किया था. अब इसको भी लगवा दूँ?"

असा प्रश्न आला की आपण पटकन 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणून मोकळे होतो. पण या बाईने काही अफवा पसरवली नव्हती, तिने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले होते. आणि त्या प्रश्नाच्या आत दुसरा प्रश्न होता, जो तिने तोंडाने विचारला नाही : माझ्या मुलाचे हे मीच माझ्या हाताने केले का?

आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण हा प्रश्न नाशिकमध्ये, मालेगावात, लग्नाच्या मांडवात आणि मोबाईलवरही ऐकू येतो. म्हणून जे तपासून पाहिले, डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली, ते इथे क्रमाने मांडतो.

हा संशय आला कुठून?

1998 साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा एक लेख 'द लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात फक्त 12 मुलांची माहिती होती. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीनंतर मुलांमध्ये ऑटिझमची लक्षणे दिसली, असे त्यातून सुचवले होते. बातमी जगभर पसरली, आईबाप घाबरले.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खोलात जाऊन शोध घेतला. लस कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्डला पैसे मिळत होते, ही गोष्ट त्याने लपवली होती. मुलांच्या नोंदी आणि लेखातली माहिती यांचाही मेळ बसत नव्हता. 2004 मध्ये त्याच्या बहुतेक सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतले. फेब्रुवारी 2010 मध्ये लॅन्सेटने लेखच मागे घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वेकफिल्डचे डॉक्टर म्हणून नाव ब्रिटनच्या यादीतून काढून टाकण्यात आले.

लेख गेला, पण भीती राहिली. आज मोबाईलवर जो व्हिडिओ फिरतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

मग तपास कोणी केला का?

केला, आणि लाखो मुलांवर केला. डेन्मार्कमध्ये प्रत्येक मुलाच्या लसीची आणि आजाराची सरकारी नोंद असते. 1999 ते 2010 या काळात तिथे जन्मलेल्या 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या. 2019 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचे प्रमाण लस न घेतलेल्यांपेक्षा जास्त नव्हते.

जपानमध्ये तर उलटी परीक्षा झाली. तिथे 1993 मध्ये ही एकत्रित लस वेगळ्या कारणाने बंद केली. लसीमुळे ऑटिझम होत असता, तर तो कमी व्हायला हवा होता. पण योकोहामा शहरातल्या नोंदी सांगतात की लस बंद झाल्यावरही ऑटिझमचे निदान वाढतच गेले.

आता त्या आईच्या खास प्रश्नाकडे येऊ : मोठ्याला आहे, मग धाकटीला लसीने होईल का? अमेरिकेत याच प्रश्नावर 95,727 मुलांचा अभ्यास झाला, तो 2015 मध्ये छापून आला. ही सगळी मोठे भावंड असलेली मुले होती. ज्यांच्या मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑटिझम होता, त्यांनाही लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. एका भावंडाला ऑटिझम असेल, तर दुसऱ्याला तो असण्याची शक्यता इतर घरांपेक्षा जास्त असते. लस दिली तरी आणि नाही दिली तरी. त्यामुळे 'लस द्या, तुमच्या मुलीला काहीच होणार नाही' असे वचन आम्ही त्या आईला दिले नाही. लस टाळून ऑटिझम टळणार नाही, गोवरापासूनचे संरक्षण मात्र जाईल, एवढेच सांगितले.

मग माझ्या मुलाचे बोलणे सुईनंतरच का थांबले?

ऑटिझमची लक्षणे आईबापांच्या नजरेत भरतात ती साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान. मूल हाक मारली तर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, आलेले दोन-चार शब्दही काही मुलांचे जातात. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. म्हणजे दोन्ही गोष्टींचे वय एकच आहे. याच वयात मूल चालायला लागते, दात येतात, अंगावरचे दूध सुटते. पण सुईची तारीख कार्डावर लिहिलेली असते, म्हणून ती लक्षात राहते.

कोंबडा आरवतो आणि मग उजाडते. म्हणून कोंबड्याने सूर्य उगवला, असे आपण म्हणत नाही.

ऑटिझमची सुरुवात खूप आधी, बरेचदा आईच्या पोटात मेंदू घडत असतानाच होते, असे संशोधन सांगते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईने काय खाल्ले, कुठे गेली, कोणाची नजर लागली, यातले काहीही कारण नाही. सासरच्या मंडळींनीही हे वाक्य दोनदा वाचावे, ही विनंती.

आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गरोदरपणात आईला रुबेला झाला, तर बाळ बहिरे होऊ शकते, डोळ्यात मोतीबिंदू, हृदयात दोष येऊ शकतो. अमेरिकेत 1964 च्या रुबेलाच्या साथीनंतर जन्मलेल्या अशा मुलांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात ऑटिझमचे प्रमाणही नेहमीपेक्षा खूप जास्त आढळले. म्हणजे ज्या लसीला दोष दिला जातो, ती लस ऑटिझमचे एक कारण रोखते.

लसीत पारा असतो म्हणतात, ते?

काही लसींच्या बहुडोस बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल नावाचे द्रव्य अगदी थोडे घालतात. त्यातला पारा माशांतून येणाऱ्या घातक पाऱ्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा असतो आणि शरीरातून लवकर बाहेर पडतो. डेन्मार्कने 1992 मध्ये बालकांच्या लसींतून तो काढला, तरी ऑटिझमचे निदान कमी झाले नाही. आणि गोवर-रुबेलाच्या लसीत थायोमर्सल नसतेच, कारण ती जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे.

इतक्या लहान जिवाला इतक्या सुया कशाला?

कारण काही आजार मूल मोठे होण्याची वाट बघत नाहीत. जन्मताच बीसीजी देतात, ती लहान मुलांना क्षयरोगाच्या मेंदूज्वरासारख्या गंभीर रूपापासून वाचवते. पोलिओचे थेंब असतात. कावीळ 'ब'ची लस 24 तासांच्या आत द्यायची, कारण आईकडून बाळाला हा विषाणू जन्माच्या वेळी लागला, तर दहातल्या सुमारे नऊ बाळांत तो कायमचा घर करतो.

मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटा : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' आणि हिब या पाच आजारांवर एकच सुई. सोबत पोलिओ, रोटा आणि न्यूमोनियाची लस, आपापल्या वेळेप्रमाणे. बाळ रांगते, माती तोंडात घालते, तेव्हा रोज असंख्य जंतूंशी त्याची गाठ पडते. त्यापुढे लसीतला भार फार थोडा असतो.

लस नाही दिली तर?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळाले आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या भागात, भिवंडीत आणि आपल्या मालेगावात गोवराची साथ आली. कोरोनाच्या काळात बऱ्याच मुलांचे डोस चुकले होते. दाट वस्ती, एका खोलीत सहा-सात माणसे, यंत्रमागाच्या पाळ्या, त्यात कुपोषण. राज्यात मुले दगावली. आमचे माहेर मालेगावचे. 'गोवर काय, सगळ्यांनाच येतो' असे म्हणणारी घरे त्या दिवसांत गप्प झालेली आम्ही पाहिली.

गोवराचा एक रुग्ण लस नसलेल्या 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो. ताप, खोकला, लाल डोळे, मग पुरळ. आणि काही मुलांत न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज.

आपल्यासारखीच गोष्ट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात घडली. तिथे सोमालियातून गेलेली मोठी मुस्लिम वस्ती आहे. 'आपल्याच मुलांत ऑटिझम जास्त दिसतो' अशी काळजी त्यांना वाटत होती. वेकफिल्ड स्वतः त्या पालकांना भेटून आला. 2004 मध्ये तिथली 92 टक्के सोमाली मुले ही लस घेत होती, 2014 पर्यंत हे प्रमाण 42 टक्क्यांवर आले. 2017 मध्ये गोवर आला. 75 रुग्ण सापडले, बहुतेक त्याच वस्तीतली मुले. ज्यांनी भीती घातली, त्यांच्या घरी गोवर गेला नाही.

दीनच्या नजरेने

'जे नशिबात आहे ते होईल, सुई कशाला?' असेही ऐकू येते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्याला हदीसमधूनच मिळाली आहे. इलाज करण्याची ताकीदही तिथेच आहे. हजला जाणारे आपले हाजी निघण्यापूर्वी मेंदूज्वराची लस घेतात, ती सौदी सरकारची अट आहे. आपल्या हज शिबिरांत पोलिओचे थेंबही देतात. जे हाजीसाहेबांना चालते, ते नातवाला का चालू नये? लसीतल्या घटकांबद्दल शंका असेल, तर जाणत्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण सोबत डॉक्टरांशीही बोला. फॉरवर्डला फतवा समजू नका.

पोलिओच्या वेळीही 'मुले वांझ होतील' अशी अफवा होती. उलेमा, डॉक्टर, शिक्षक दारोदार फिरले. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ते थेंब प्यायलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, माशाअल्लाह.

लस देताना एवढे करा

माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, जपून ठेवा. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप असेल तरी बहुधा लस देता येते, सिस्टरला विचारा. आधीच्या डोसनंतर अंगावर गांधी, श्वासाचा त्रास किंवा झटका आला असेल, तर ते आधीच सांगा. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, सूज, रडणे होते. बीसीजीच्या जागी फोड येऊन वण राहतो. गोवर-रुबेलानंतर आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते. जास्त त्रास वाटला, तर लगेच केंद्रात जा. डोस चुकला असेल, तरी उशीर झाला म्हणून सोडू नका. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळते.

आणि ज्याला ऑटिझम आहे, त्याचे काय?

लसीवर वाद घालण्यात जो वेळ जातो, तो या मुलाच्या हक्काचा असतो. वर्षाचे मूल हाकेला बघत नसेल, दीड वर्षाचे बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, त्यांना दाखवा. ते पुढे जिल्हा रुग्णालयाच्या बाल तपासणी केंद्राकडे पाठवतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळते, शाळेत सवलती मिळतात. 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. थेरपी लवकर सुरू झाली, तर मूल बरेच शिकते. आमच्या दुसरीतला तो मुलगा आता डबा उघडून हवा असेल, तर आमचा हात धरून डब्यावर ठेवतो. मागच्या वर्षी तो फक्त रडायचा.

त्या आईला आम्ही हे सगळे एका दमात सांगितले नाही. आधी एवढेच सांगितले : बेटी, तुझी चूक नव्हती. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, घरी विचारते. सासूबाईंचा नकार होता, नवऱ्याला पटायला दोन आठवडे लागले. परवा तिने मुलीचे कार्ड शाळेत आणून दाखवले. नऊ महिन्यांच्या रकान्यात अकराव्या महिन्याची तारीख होती.

तुमच्या घरातले कार्ड आज काढून बघा. एखादा रकाना रिकामा असेल, तर आशाताईंना निरोप द्या. बाकी दुआ आहेच.