खिडक्यांसाठी अडलेली शाळा

शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत असे समजू. पाया 20 दिवस, भिंती 30, स्लॅब 10, स्लॅबखालचे टेकू काढेपर्यंत 14 (काँक्रीटला बळ येण्याची घाई करता येत नाही), मग गिलावा 15. एकूण 89 दिवस. पहिल्या दिवसापासूनच दुसरीकडे खिडक्यांची निविदा 30 दिवस, चौकटी बनून यायला 40, म्हणजे 70. त्या गिलाव्याआधी, 74 दिवसांत हव्यात. सवड अवघी 4 दिवसांची! निविदेचा कागद कुणाच्या टेबलावर 10 दिवस पडून राहिला, तर इमारत 6 दिवस लांबते. भिंतींवर गवंडी वाढवून ते भरून निघत नाहीत, आणि नेमके तेच केले जाते. जून तोंडावर असेल तर मुले पुन्हा देवळात बसतात.

सर्वांत लांब साखळी शोधून तिच्यावर नजर ठेवण्याच्या या रीतीला ‘क्रिटिकल पाथ मेथड’ म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी ती बसवली. गणित बेरजेचेच आहे. आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडून पाहा. आणि विचारा : निविदा 30 ऐवजी 15 दिवसांत उरकली, तर इमारत किती दिवसांत उभी राहील? बहुतेक मुले 74 म्हणतील. उत्तर 89 च आहे.