उसाच्या फडावर आकाशातून नजर

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते व हे पीक सुमारे दीड वर्ष शेतात उभे राहते. पहिले काही महिने शेतकरी सरीसरीतून फिरू शकतो. मोठी बांधणी होऊन ऊस डोक्यावर गेला, की बांधावरून दोन-चार ओळींपलीकडचे दिसेनासे होते. फडाच्या मध्यभागी हुमणीने मुळे खाल्ली किंवा पाणी तुंबून पीक पिवळे पडले, तरी ते बहुधा तोडणीच्या वेळीच ध्यानात येते. तोवर खत, पाणी आणि मशागतीचा खर्च होऊन गेलेला असतो. कॅमेरा बसविलेल्या ड्रोनचा, म्हणजेच वैमानिकाविना उडणाऱ्या लहान यानाचा, उपयोग नेमका येथे आहे.

या कॅमेऱ्याचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. निरोगी हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे, तांबड्यालगतचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पिकावर ताण पडला, की हे प्रमाण बदलते. दोन्हींतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले असता जो अंक मिळतो, तो दाट, सशक्त पिकात एकच्या दिशेने सरकतो. उघड्या जमिनीवर तो शून्याच्या जवळ असतो. या अंकांवरून शेताचा रंगीत नकाशा तयार होतो. ऊस फारच दाट झाला, की मात्र हा अंक वाढेनासा होतो व पिकातील बारीक फरक त्यात उतरत नाहीत. म्हणून पुढच्या टप्प्यात तांबड्या व अवरक्त यांच्या सीमेवरील किरणांचे मापन अधिक उपयुक्त ठरते.

असे मापन उपग्रहही करतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एका गुंठ्याचा असतो. एकराच्या शेतात असे चाळीस चौकोन होतात. मोठ्या क्षेत्राचा अंदाज घेण्यास ते पुरेसे आहेत. पण ऐन पावसाळ्यात ढगांमुळे चित्रच मिळत नाही. ड्रोन ढगांखालून उडतो आणि काही सेंटीमीटरपर्यंतचा तपशील टिपतो.

माळेगाव येथे २००९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था पाणीटंचाई, उष्णता व क्षार यांचा पिकांवर होणारा परिणाम अभ्यासते. बारामतीच्याच कृषी विकास ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला असून २०२४ पासून त्यात शेतकऱ्यांना सहभागी करून घेतले आहे. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि आकाशातून घेतलेली चित्रे यांची सांगड त्यात घातली जाते.

नकाशावरील तांबडा डाग ‘कोठे’ हे सांगतो, ‘का’ हे सांगत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या क्षेत्रातील काळ्या जमिनीत तो डाग क्षारांचा असू शकतो, लांबलेल्या आवर्तनाचा असू शकतो किंवा हुमणीचाही असू शकतो. तिन्हींवरील उपाय निराळे आहेत. क्षारपड जमिनीला चराची गरज असताना तेथे आणखी पाणी दिल्यास दुखणे वाढते. तेव्हा डागापर्यंत जाऊन बेट उपटून पाहणे आणि माती तपासणे याला पर्याय नाही. इंदापूरकडील द्राक्ष व डाळिंब बागायतदारांनी आणखी एक मर्यादा जाणून घ्यावी: केवड्याची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूस वाढते आणि तेल्याचे डाग पानांआड दडलेल्या फळावर असतात. कॅमेऱ्याला दिसतो तो फक्त वरचा पसारा.

स्वतःचा ड्रोन घेणे लहान शेतकऱ्यास परवडणारे नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र शासनाने कृषी विज्ञान केंद्रांसारख्या संस्थांना ड्रोन खरेदीसाठी १०० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, तर शेतकरी उत्पादक कंपन्यांना प्रात्यक्षिकांसाठी ७५ टक्के साहाय्य जाहीर केले. पाहणी सामुदायिकरीत्या, गटागटाने करून घेणे सोयीचे ठरते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार, २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनने व्यावसायिक सेवा देणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावे लागते आणि हरित क्षेत्रात सर्वसाधारणपणे १२० मीटरपर्यंतच उड्डाण करता येते. बारामतीस विमानतळ असल्याने आपले गाव कोणत्या क्षेत्रात मोडते, हे डिजिटल स्कायच्या नकाशावर आधी पाहून घ्यावे.