मला सोळा आठवडे, तिला सहा

मुलगी झाली तेव्हा आमच्या घरात दोन रजा मंजूर झाल्या. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कंपनीने मला सोळा आठवड्यांची भरपगारी रजा दिली, वर मॅनेजरने बाळासाठी कपड्यांचा खोका पाठवला. बायको डॉक्टर, इथे ओहायोत इंटर्नल मेडिसीनच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला. नऊ महिने पोट तिने वागवलं, टाके तिला पडले, आणि तिला मिळाले सहा आठवडे. सोलापूरहून आईने फोनवर विचारलं, "अरे, तू उलटं सांगतोयस का?"

उलटं नव्हतं. आणि गंमत म्हणजे हे सहा आठवडेसुद्धा नवीनच आहेत. अमेरिकेतल्या रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणारी एसीजीएमई ही संस्था. तिने 1 जुलै 2022 पासून नियम केला की ट्रेनिंगच्या काळात एकदा तरी सहा आठवड्यांची पूर्ण पगारी रजा द्यायलाच हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून लागू हवी. त्याआधी हॉस्पिटलगणिक वेगळा कारभार होता. बायकोच्या सीनियर मैत्रिणींनी सुट्ट्या आणि आजारपणाची रजा जोडून महिनाभर कसाबसा काढला होता.

पण हा प्रश्न रजेच्या बऱ्याच आधी सुरू होतो. इंटरव्ह्यूला. 2022 च्या हिवाळ्यात हिचे इंटरव्ह्यू झूमवर चालले होते. एका मैत्रिणीने सल्ला दिला, मंगळसूत्र काढून बस. मी हसलो, म्हटलं अमेरिकन माणसाला काय कळतंय मंगळसूत्र! ही म्हणाली, "आणि समोर आपलाच कुणी बसला असेल तर?" मग तिने ते काढून माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलं. तसं कुटुंबाबद्दल विचारायला मॅचच्या नियमांत मनाई आहे. तरी एका ठिकाणी समोरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलंच, "पुढच्या तीन वर्षांत काही वैयक्तिक बेत?" हिने सांगितलं, "नाही." तिशीला टेकलेल्या, लग्नाला चार वर्षं झालेल्या बाईला असं खोटं बोलावं लागतं. इकडे प्रत्येक दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची मंडळी "गोड बातमी कधी?" विचारत होती, त्यांनाही ती "बघू" एवढंच सांगायची.

हिशेब तुम्हीच करा. एमबीबीएस आणि इंटर्नशिप होईपर्यंत चोविसावं वर्ष. मग यूएसएमएलईच्या परीक्षा, मॅच. तीन वर्षं इंटर्नल मेडिसीन, पुढे कार्डिओलॉजी करायची तर आणखी तीन. सगळं आटोपून मूल म्हटलं तर पस्तिशी उलटते. 2016 मध्ये अमेरिकन महिला डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात सुमारे चारांतल्या एकीला वंध्यत्वाचं निदान झालेलं होतं. 2021 ची महिला सर्जनची पाहणी तर वाचवत नाही: 42 टक्के जणींनी गर्भ गमावला होता. गरोदर पेशंटला जपून राहायला सांगणाऱ्या याच बायका.

आम्ही दुसऱ्या वर्षी धाडस केलं. दहाव्या आठवड्यात हिने चीफ रेसिडेंटला सांगितलं. ड्यूटीचं वेळापत्रक तोच लावतो. तो अभिनंदन म्हणाला आणि लगेच पुढे, "थोडं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." दहाव्या आठवड्याच्या आधी कधी? हे मला अजून कळलेलं नाही.

कुणी ओरडलं नाही, कुणी धमकी दिली नाही. पुढच्या महिन्याचं वेळापत्रक आलं तेव्हा बाळंतपणानंतरच्या रात्रपाळ्या आधीच भरून घेतलेल्या होत्या. अठ्ठावीसाव्या आठवड्यात ही आयसीयूत रात्रपाळी करत होती. आठवड्याला कमाल 80 तास हा नियम आहे, पण तोही चार आठवड्यांच्या सरासरीने. म्हणजे एखाद्या आठवड्यात 90 झाले तरी कागदावर सगळं ठीक. सकाळी घरी आली की बुटांची लेस मी सोडायचो. पाय सुजून बुटांतून निघत नसत.

मी भडकलो. म्हटलं, तक्रार कर. 1978 पासून इथे गरोदरपणावरून भेदभाव करणं बेकायदा आहे. जून 2023 पासून तर आणखी एक कायदा आहे, गरोदर कर्मचारी बाईला कामात वाजवी सवलत द्यायलाच हवी असं सांगणारा. ती शांतपणे म्हणाली, "आणि फेलोशिपला शिफारसपत्र कोण देणार?" ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, सही त्याचीच लागणार. शेवटी तिच्या गायनॅकने पत्र दिलं, तेव्हा शेवटच्या सहा आठवड्यांच्या रात्री कमी झाल्या. त्या रात्री तिच्याच बॅचच्या दोघांच्या वाट्याला गेल्या. त्यातला एक तिच्याशी महिनाभर धड बोलला नाही. त्याचाही राग मला येत नाही. त्याच्या घरीही तीन वर्षांचं मूल होतं.

माझ्या धंद्यात आम्ही सिस्टीम बांधतानाच धरून चालतो की एखादा सर्व्हर कधीतरी बंद पडणार, म्हणून जास्तीचा ठेवतो. मी सोळा आठवडे गेलो तर टीमचं एक रिलीज पुढे ढकललं, झालं. हॉस्पिटलात जास्तीचा माणूसच नाही. रेसिडेंटच्या पगाराचा मोठा भाग सरकारच्या मेडिकेअरमधून येतो. 1997 च्या कायद्याने तिथल्या जागांना मर्यादा घातली, नंतर थोड्याच वाढल्या. रजेच्या जागी बदली रेसिडेंट सहसा मिळत नाही. मग पंचवीस-तीस वर्षांच्या तरुण बायकांनी भरलेल्या बॅचमध्ये प्रत्येक बाळंतपण अचानक आलेलं संकट ठरतं. याला मी सरळ आळस म्हणतो.

आई म्हणते, आपल्याकडे बँकेतल्या चुलतबहिणीला 26 आठवडे मिळाले. खरं आहे, 2017 पासून कायदाच आहे. पण हिची एक मैत्रीण महाराष्ट्रात एमडी करताना बाळंत झाली. रजा मिळाली, टर्म लांबली आणि परीक्षा पुढे गेली. डॉक्टर होणाऱ्या बाईचं गणित तिथेही कठीणच.

इथेही सहाच्या पुढे जाता येतं, बारा आठवड्यांपर्यंत, बिनपगारी. पण मग ट्रेनिंग 30 जूनला संपत नाही, आणि फेलोशिप साधारण 1 जुलैलाच सुरू होते. व्हिसाच्या तारखाही ट्रेनिंगला बांधलेल्या. म्हणून ही सहा आठवड्यांनी कामावर गेली. सासूबाई हळिवाचे लाडू घेऊन आल्या होत्या, ते ती डब्यातून न्यायची. दूध काढायला जागा आणि वेळ देणं 2022 च्या कायद्याने बंधनकारक आहे, जागा होतीही, तीन मजले खाली. पेजर वाजला की अर्धी बाटली तशीच टाकून धावायची. कपाटातली बाटली परत येईपर्यंत टाकून द्यावी लागे.

मग आम्ही युक्ती काढली. रात्री नऊच्या सुमारास मी बाळाला घेऊन हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जायचो. एप्रिल असला तरी ओहायोत बोचरी थंडी, हीटर चालू ठेवून बसायचो. ती स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून खाली यायची, मागच्या सीटवर बसून पाजायची. पंधरा मिनिटं, कधी सातच. माझी रजा असल्यामुळे हे जमलं. नवराही रेसिडेंट असतो त्या जोडप्यांचं काय होतं, हा विचार गाडी चालवताना रोज यायचा.

डिसेंबरमध्ये तिला कार्डिओलॉजीची फेलोशिप मिळाली. त्यानंतर नागपूरच्या एका ज्युनिअर मुलीचा फोन आला होता. "ताई, खरं सांगा, कोणतं वर्ष बरं?" ही म्हणाली, "बरं वर्ष नसतं गं. इंटरव्ह्यूला बोलावतील तेव्हा रजेचं धोरण लेखी द्यावंच लागतं त्यांना. ते उघडून वाच. आणि तिथल्या रेसिडेंटना विचार, मागच्या वर्षी कुणी बाळंत झालं का, आणि तिच्या ड्यूट्या कुणी केल्या."

मुलगी मागे रांगत होती. तिने फोनची वायर ओढली आणि कॉल कट झाला. पाच मिनिटांनी हिने परत लावला. मंगळसूत्राचं सांगायचं राहिलं होतं.