कासवाची आज्ञार्थी भाषा

चाकांची लहान यंत्रे घेऊन विद्यापीठाचे अध्यापक शाळेत जातात व मुलांकडून त्यांना आज्ञा लिहवून घेतात. या प्रथेचा उगम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात शोधावा लागतो. जिनीव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्या सान्निध्यात बालबुद्धीचा अभ्यास करून सीमूर पॅपर्ट एमआयटीत आले, आणि १९६७ साली वॉलेस फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन प्रभृतींच्या सहकार्याने 'लोगो' ही संगणकभाषा सिद्ध झाली.

हे नाव शब्दवाचक ग्रीक 'लोगॉस'वरून घेतलेले आहे, व ते सार्थही आहे. कारण आरंभी या भाषेत कासव नव्हतेच, होते ते शब्द आणि वाक्ये. पॅपर्ट यांनी एका तेरा वर्षांच्या मुलीची हकीकत दिली आहे. नाम आणि क्रियापद हा भेद तिला व्याकरणाच्या तासाला कधी उमगला नव्हता. पुढे ती संगणकाकडून काव्यसदृश ओळी रचून घेऊ लागली. शब्द यंत्राने यदृच्छया निवडावेत, तरी वाक्य वाक्यासारखे व्हावे, यासाठी शब्दांचे वर्ग पाडणे भाग होते. आणि वर्ग का पाडावयाचे, हे तिला तेथे कळले. व्याख्या पाठ करवून घेणाऱ्या आपल्याकडील व्याकरणशिक्षकांनी ही हकीकत अवश्य वाचावी.

कासव नंतर आले: जमिनीवर फिरणारे, पोटाशी लेखणी बाळगणारे यंत्र. 'पुढे १००, उजवीकडे ९०' असे चार वेळा सांगितले की चौरस उमटतो. येथील 'उजवीकडे' मात्र पाहणाऱ्याचे नव्हे, कासवाचे. त्याचे तोंड आपल्याकडे असले की मुले हटकून गोंधळतात. समभुज त्रिकोणासाठी पुष्कळ मुले ६० अंश सांगतात, कारण पुस्तकात तोच कोन असतो. तीन बाजू चालूनही आकृती मिटत नाही. आज्ञा चालू ठेवल्यास षट्कोन होतो. कासव वळते ते बाह्य कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. मूल स्वतः ती वाट चालून पाहते, तेव्हा हे त्याच्या ध्यानात येते.

नव्या आज्ञेला नाव देताना इंग्रजीतील तुमर्थक 'टू' आधी लिहावा लागतो. 'चौरस' हे नाम त्यामुळे क्रियापद बनते. मराठीत 'चौरसणे' म्हणावे लागेल. कानाला चमत्कारिक, पण अर्थ नेमका तोच.

या शिक्षणाने बुद्धी सर्वत्र तल्लख होते काय? न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी व मिडियन कर्लंड यांना १९८४ च्या सुमारास तसे आढळले नाही. लोगो शिकलेली मुले कामाची योजना आखण्यात इतरांहून सरस ठरली नाहीत. सभोवतालची शिक्षणसंस्कृती वगळून केवळ यंत्राचा परिणाम मोजण्याच्या दृष्टीवर पॅपर्ट यांनी १९८७ मध्ये टीका केली. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. कोन आणि शब्दवर्ग यांचे ज्ञान ज्या कृतीतून झाले, त्या कृतीपुरते ते निःसंशय पक्के असते. त्यापलीकडचा दावा सिद्ध करावा लागतो. आणि दोन तासांच्या भेटीत वेळ वाचविण्यासाठी शिक्षकाने १२० हा आकडा फळ्यावर आधीच लिहून दिला, तर मुलांच्या हाती केवळ त्रिकोण लागतो.