कुत्र्यानं घाण खाल्ली? मीठपाणी पाजू नका

कुत्र्यानं भलतंसलतं काही खाल्लं की गावोगाव एकच सल्ला मिळतो: मिठाचं पाणी पाजा, ओकून मोकळा होईल. केशोरीसारख्या गावात हाच मिळतो, जिल्ह्याच्या गोंदियात हाच, पुण्याच्या सोसायटीतही हाच. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, म्हणून त्याला अडवायला जीभ रेटत नाही. पण आता स्पष्ट बोलायलाच हवं. हा सल्ला चुकीचा आहे, आणि ज्या घाणीवर तो उपाय म्हणून सांगतात त्या घाणीपेक्षा बहुतेक वेळा तोच जास्त घातक असतो.

मिठानं उलटी होईलच याची खात्री नसते. झाली नाही, तर ते सगळं मीठ रक्तात उतरतं. रक्तातलं सोडियम वाढतं, मेंदूच्या पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जातं, कुत्रा झोकांड्या खातो, थरथरतो, त्याला झटके येतात. 'मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल' हा पशुवैद्यकांचा नेहमीचा आधारग्रंथ. त्यानुसार वजनाच्या दर किलोमागे साधारण 4 ग्रॅम मीठ कुत्र्याचा जीव घेऊ शकतं, आणि लक्षणं त्याच्या निम्म्यावरच दिसू लागतात. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला 30 ग्रॅम मीठ म्हणजे दोन मोठे चमचेसुद्धा नाही. पहिल्या खेपेला उलटी झाली नाही की लोक दुसरा पेला ओततात. त्यातच दोघांनी जबडा धरून पाणी ओतलं की ते श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. खाल्लेल्या वस्तूनं काही झालं नसतं, असा कुत्रा यात मरू शकतो.

या साऱ्यामागे एक समज पक्का बसलेला आहे: जे घाण, ते विषारी. खरं तर दुर्गंधीवरून विषाचा अंदाज येत नाही. शेण खाणं, उकिरडा उकरणं, मेलेल्या जनावराला तोंड लावणं हे कुत्र्याच्या स्वभावातच आहे. त्याच्या जठरातलं आम्ल तीव्र असतं. शेणखताच्या खड्ड्यातून तोंड माखून आलेला कुत्रा एकदा-दोनदा ओकला, पातळ हगला, पण पाणी पितोय, शेपटी हलवतोय, तर बहुतेक वेळा एका दिवसात सावरतो. त्याच्यावर लक्ष ठेवा, पाणी पुढ्यात ठेवा, तेवढं पुरतं. सडक्या मांसातून किंवा बुरशी आलेल्या अन्नातून गंभीर विषबाधाही होते, हे खरं. पण तिची खूण वास नाही. अंग थरथरणं, मागचे पाय लुळे पडणं, सतत उलट्या, शुद्ध हरपणं या तिच्या खुणा.

खरी भीती वाटायला हवी ती ज्या वस्तूला आपण घाण म्हणत नाही तिची. केशोरीचं नाव मिरचीमुळे झालं, भोवतालच्या बांध्यांत धान. दोन्ही पिकांवर फवारणी होते. औषध कालवलेली बादली धुऱ्यावर राहते, रिकामी बाटली गोठ्यात पडते. फोरेट हे दाणेदार कीटकनाशक देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे, तरी जुनं पाकीट घरात उरलं असेल तर ते तितकंच विषारी आहे. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड भरडलेल्या धान्यात तेल लावून घालतात, म्हणजे कुत्र्यासाठी तो खाऊच. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. अशा कुत्र्याला बंद खोलीत ओकवलं तर तो वायू माणसालाही बाधतो.

म्हणूनच दूध पाजण्याचा सल्लाही सोडा. पोटात अन्न गेलं की आम्ल वाढतं, आणि झिंक फॉस्फाईडच्या बाबतीत आम्ल वाढलं की वायू वाढतो. उंदीर मारायच्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. तो स्निग्धात विरघळतो, त्यामुळे दूध, तूप, तेल दिलं की उलट लवकर अंगात भिनतो. हळदीनं, ताकानं किंवा नारळपाण्यानं विष उतरत नाही.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. कच्चं किंवा सडकं मांस खाऊन कुत्रा पिसाळत नाही. रेबीज विषाणूनं होतो आणि तो बहुधा बाधित जनावराच्या चाव्यातून येतो. गवत खाणारा कुत्रा आजारीच असतो, हेही खरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गवत खाण्याआधी आजारी दिसणारे कुत्रे दहा टक्क्यांहून कमी होते. गावठी कुत्र्याला सगळं पचतं, असंही नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि मोहाचा सडवा म्हणजे त्याच्यासाठी दारूच.

एका घाणीची मात्र जितकी काळजी करायला हवी तितकी कुणी करत नाही. बकरं कापल्यावर आतडी-फुप्फुसं कुत्र्यासमोर टाकतात. त्यात हायडॅटिडच्या गाठी असल्या तर कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी अंगणात पसरतात, आणि घरातल्या लेकरांच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. हे अवयव कच्चे घालू नका. पशुवैद्यकांना विचारून कुत्र्याला प्राझिक्वांटेलचा डोस वेळच्या वेळी द्या.

विष खाल्ल्याची शंका आली तर तोंडानं काहीही न देता दवाखाना गाठा. केशोरीहून तालुक्याला, अर्जुनी मोरगावला, निघण्याआधी फोन करा. पशुसेवेसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. ओकवायचं की नाही, हे डॉक्टर ठरवतील. ओकवणं फार तर पहिल्या तास-दोन तासांतच उपयोगी पडतं, आणि झटके येत असतील किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर करायचंच नसतं. पाकीट, बाटली किंवा ओकारीचा नमुना पिशवीत घट्ट बांधून सोबत घ्या. काय खाल्लं, किती आणि केव्हा, एवढं सांगितलंत तर निम्मं काम होतं. लाळ गळतेय, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, स्नायू फडफडतायत, ही फवारणीच्या औषधाची लक्षणं असू शकतात. त्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळायला हवं.

ब्रोमॅडिओलोन हे उंदरांचं औषध वेगळंच फसवतं. खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा नेहमीसारखा हुंदडतो आणि घरचे निर्धास्त होतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. त्यावर जीवनसत्त्व के-1 लागू पडतं, तेही सलग तीन-चार आठवडे. म्हणून ते पाकीट कुरतडलेलं दिसलं, तर कुत्रा कितीही खुशीत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.